वडीलधाऱ्यांसह मरीन ड्राइव्ह

संगमनेरहून मुंबईस जाणाऱ्या कुटुंबाच्या यादीत गेटवे ऑफ इंडिया हमखास असते. १९२४ साली खुली झालेली ती कमान अवश्य पाहावी. मात्र गुडघेदुखी असणाऱ्यांनी घारापुरीचा मोह टाळलेला बरा. हलती बोट आणि पुढे लेण्यांच्या शंभरावर पायऱ्या!

त्यांच्यासाठी समुद्र मरीन ड्राइव्हचा. सुमारे साडेतीन किलोमीटरची ही वाट सपाट, पश्चिमाभिमुख. त्यामुळे सकाळी सूर्य इमारतींआड असतो. टॅक्सीतून समुद्राच्याच बाजूस उतरावे, म्हणजे रुंद रस्ता ओलांडावा लागत नाही. कठड्यावर बसता येते, पण पाठीला टेकू नाही. सोबत्याने अगदी शेजारी बसावे. प्रवराकाठच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांचा घाम इथल्या दमटपणात वाळत नाही. पाणी मागितल्याची वाट न पाहता द्यावे. पावसाळी भरतीच्या वेळी मात्र कठड्यापासून दूरच राहावे.