टाचणातलं पूर्वज्ञान

दोस्तांनो, मी मास्तर आहे. बीड जिल्ह्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, सहावी-सातवीला इंग्रजी शिकवतो. चौदा एप्रिलला स्टेजवर भाषण ठोकतो. तुमच्यातल्या काहींनी ते ऐकलंही असेल. आज भाषण करायचं नाही. आज एक कबुली द्यायची आहे. ती माझ्या टाचणाच्या वहीबद्दल आहे.

ज्यांनी मास्तरकी केली नाही त्यांना आधी टाचण सांगतो. पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला काय शिकवणार, हे मास्तरनं आधी लिहून काढायचं. घटक, उद्दिष्ट, पूर्वज्ञान, साहित्य, अध्यापन, मूल्यमापन, स्वाध्याय असे रकाने. खाली मुख्याध्यापकाची सही. केंद्रप्रमुख आले की वही पुढं सरकवायची. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात मास्तरचा आठवडा शिकवणं आणि तयारी धरून किमान 45 तासांचा सांगितला आहे. म्हणजे तयारी ही मास्तरची मेहरबानी नाही. तिचा पगार मिळतो.

मी ही तयारी कशी करत होतो? रविवारी रात्री टीव्हीसमोर बसून. आधी बाजारात तयार टाचणाची पुस्तकं मिळायची. आता मोबाईलवर ग्रुपमध्ये आयतं येतं. ते वहीत उतरवायचं. अक्षर माझं बरं आहे. वहीवर 'उत्तम' असा शेरा मिळायचा. अशी आठ वर्षं गेली.

सबबी पुष्कळ आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. त्याच कायद्याचं 27 वं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून मास्तरला बिगरशैक्षणिक काम लावू नये. तरी माहिती भरता भरता दिवस जातो. पण दोस्तांनो, टीव्ही बघायला मला कोणी वरून आदेश काढला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. टाचणात 'पूर्वज्ञान' असा एक रकाना असतो. नवं शिकवण्याआधी पोराला काय माहीत आहे ते तिथं लिहायचं. मी लिहिलं होतं : 'विद्यार्थ्यांना न्याहारीच्या पदार्थांची इंग्रजी नावे माहीत आहेत.' तयार टाचणात होतं तसंच उतरवलेलं. वर्गात जाऊन विचारलं, 'व्हॉट डू यू ईट फॉर ब्रेकफास्ट?' पुढच्या दोन बाकांनी सुरात सांगितलं, ब्रेड, बटर, एग. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, 'सर, शिळ्या भाकरीला काय म्हणायचं?' वर्ग हसला. मीही हसलो. हे मी लपवत नाही. मी हसलो आणि पुढच्या प्रश्नाकडं गेलो.

हे जूनमधलं. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडं गाव रिकामं होतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, एक जोडपं म्हणजे एक कोयता, ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. ज्यांना मागं ठेवायला म्हातारी माणसं नाहीत, त्यांची लेकरंही ट्रॉलीत बसून जातात. बरीच लेकरं आपल्या वस्तीतली, बाकीची वंजाऱ्यांची, बंजाऱ्यांची. माझ्या हजेरीपटावर एकतीस नावं होती. जानेवारीत समोर सतरा बसायची. माझं टाचण मात्र त्याच वेगानं पुढं जायचं. चौदा लेकरं वर्गात नाहीत हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यातली एक पोरगी परत आली. तिच्याजवळ वही नव्हती. पाठकोऱ्या कागदांची एक चळत होती, दाभणानं शिवलेली. त्यावर तिनं गणितं केली होती. फडावर बसून, एकटीनं. मी कागद उलटून पाहिले. ते कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांचे होते. ट्रॅक्टरवाल्यांनी फेकून दिलेले तिनं गोळा केले होते. पोरीनं एका पावतीवर बोट ठेवलं. 'सर, ह्ये काय लिव्हलंय?'

छापलं होतं : ग्रॉस 24.360, टेअर 8.140, नेट 16.220.

मी सांगितलं. ग्रॉस म्हणजे उसासकट गाडीचं वजन. टेअर म्हणजे रिकाम्या गाडीचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की नेट, म्हणजे निव्वळ ऊस. पोरीनं तिथंच वजाबाकी करून बघितली. बरोबर आली. मग हळूच म्हणाली, 'ह्या खेपेला मुकादमानं पंधरा सांगितले व्हते. माझ्या ध्यानात हाय. त्या दिशी माय आजारी व्हती न् म्याच मोळ्या बांधल्या.'

त्या खेपेत सव्वा टन गेला होता. टोळीत दहा कोयते. पावती तिच्या हातात होती. अंक तिला वाचता येत होते. तीन शब्द तेवढे येत नव्हते. ते तीन शब्द शिकवणं माझं काम होतं, आणि मी ब्रेड-बटरचं टाचण काढत होतो.

रात्री झोप आली नाही. मला माझी माय आठवली. ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. घरी आली की म्हणायची, 'मस्टरवर माझं नाव हाय का, तेवढं बघून ये रे.' मस्टर हा शब्द तिच्या तोंडात होता. मस्टर इंग्रजी आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मस्टर, वॉरंट, नोटीस, अडव्हान्स, बिल, टन. आमच्या घरात इंग्रजी नव्हती असं आपण म्हणतो, ते खोटं आहे. इंग्रजी होती. कागदावर होती आणि आमच्या अंगठ्याखाली होती.

पाचवीत मला इंग्रजी सुरू झाली, तेव्हा ती पाचवीपासूनच असायची. वाचनाची पाळी आमच्या बाकापाशी आली की गुरुजींना फळा पुसायची आठवण व्हायची. कधी कोणी शिवी दिली नाही. फक्त पाळी पुढं गेली. पुढं मी धडपडून शिकलो, नोकरीला लागलो, आणि त्या गुरुजींवर भाषणात बरंच बोललो. आता माझ्या वर्गात मागच्या बाकावरच्या पोरानं शिळ्या भाकरीला शब्द मागितला, आणि मी पाळी पुढं नेली. जात बदलली, खुर्चीवरचा माणूस बदलला. टाचण तेच राहिलं.

आपण वारसा मोठा सांगतो. सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' 1854 सालचं. शूद्र-अतिशूद्रांनी इंग्रजी शिकावी म्हणून त्यात कविता आहेत. लहानगा भिवा 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्याकडं त्याच सुमाराला ट्रॉल्या भरतात. महाराष्ट्रात 2000 साली इंग्रजी पहिलीपासून आली. म्हणजे सहावीतल्या पोराच्या मागं पाच वर्षांची इंग्रजी असते. कविता तोंडपाठ असते, हातवाऱ्यांसकट. आणि 'टेन' हा शब्द वाचता येत नाही. हे माझ्या वर्गाचं सांगतो, दुसऱ्याचं नाही.

त्या जूनपासून मी टाचण नव्यानं काढायला लागलो. कसं ते सांगतो. तुमच्यात डी.एड. करणारे आहेत, वस्तीत शिकवणी घेणारे आहेत, त्यांच्या कामाला येईल.

आधी शनिवार लिहायचा. शनिवारी पोराला एकट्यानं काय करता आलं पाहिजे, ते एका ओळीत. 'पाठ पूर्ण करणे' हे उद्दिष्ट नाही, ते मास्तरचं ओझं उतरवणं आहे. 'न पाहिलेली पावती वाचून निव्वळ वजन सांगता येणे' हे उद्दिष्ट आहे. ते ठरलं की उलटं मागं यायचं.

सोमवारी कागद आणायचा. लाईटबिल, औषधाची चिठ्ठी, वजनाची पावती, जे घरात असेल ते. फळ्यावर मोठा काढायचा आणि विचारायचं, यातलं काय काय ठाऊक आहे? पोरं सांगतात. ते ऐकून मग पूर्वज्ञानाचा रकाना भरायचा, रविवारी रात्री नाही. मंगळवारी अक्षर आणि उच्चार. टेन, टन, टेअर, ट्रॅक्टर, ट्रॉली, पाचही शब्द एकाच अक्षरानं सुरू होतात. ते अक्षर मग पोर विसरत नाही. बुधवारी लहान वाक्यं. ट्रॉली रिकामी आहे, ट्रॉली भरली आहे. गुरुवारी आणि शुक्रवारी पुस्तक. शनिवारी प्रत्येकाची पाळी, मागच्या बाकापासून सुरुवात. ज्याला जमलं नाही त्याचं नाव पुढच्या सोमवारच्या पानावर सगळ्यात वर.

आठवड्याला नवे शब्द दहा-बाराच. पूर्वी मी तीस-तीस लिहून द्यायचो. वही भरायची, पोरं तशीच राहायची.

पुस्तक का सोडलं नाही? पहिल्या जोशात मी सोडणार होतो. नुसत्या पावत्या, नुसता ऊस, असं ठरवलं होतं. त्याच पोरीनं मला भानावर आणलं. ती सातवीत गेली होती. म्हणाली, 'सर, ब्रेड-बटरचंबी शिकवा. ती माणसं काय खातात ते मला कळाया नगं का?' बरोबर बोलली. आपल्या पोरांना फक्त उसाची इंग्रजी शिकवणं म्हणजे भाषेतसुद्धा गावकुसाबाहेर वस्ती वसवणं. घरापासून सुरू करायचं, पण घरापाशी थांबवायचं नाही. म्हणून तीन दिवस कागद, दोन दिवस पुस्तक, आणि शनिवारी दोन्ही.

दिवाळीला जाणाऱ्या लेकरांसाठी सहा आठवड्यांची पानं वेगळी शिवून देतो. सगळी ती उघडतात असं नाही. दिवसभर मोळ्या वाहून आलेलं लेकरू काय उघडणार? गेल्या साली सात गेली, दोघांनी भरून आणली. वजनकाटा टाचणानं सरळ होत नाही, हे मला कळतं. त्याला संघटना लागते, ते तुमचं-माझं काम वेगळं आहेच.

त्या पोरीच्या बापाचं सांगायचं राहिलं. मी पावती घेऊन घरी गेलो होतो. म्हटलं, भाऊ, सव्वा टनाचा फरक आहे. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'सर, अंगावर उचल हाय. आता बोललो तर पुढल्या साली टोळीत घेत न्हाई कोणी.' मी काय बोलणार? माझा पगार एक तारखेला होतो. उठताना तो पोरीला म्हणाला, 'त्या चिठ्ठ्या फेकू नगंस. समद्या ठिव.'

पुढच्या हंगामात त्यानं स्वतः पावत्या मागून घेतल्या. मुकादम म्हणाला म्हणे, 'पोरीला लई इंग्रजी आलीय.' सगळ्या खेपांच्या मिळाल्या नाहीत. मिळाल्या तेवढ्या तिनं वहीत उतरवल्या, ग्रॉस, टेअर, नेट, तीन रकाने पाडून. माझ्या टाचणापेक्षा ती वही चोख आहे.

दोस्तांनो, तुम्ही जयंतीची वर्गणी मागायला शाळेत येता. या, पण एकदा टाचणाची वही पण मागा. माझ्यापासून सुरुवात करा. त्यातला पूर्वज्ञानाचा रकाना वाचा, आणि त्यात आपलं लेकरू आहे का ते बघा. रविवारी सकाळी मी विहारात बसतो, पुढच्या आठवड्याचं टाचण तिथंच काढतो. येताना घरातले इंग्रजी कागद घेऊन या. मला सोमवारसाठी लागतात.