फ्रीझरमधली न्याहारी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४. एडिसन, न्यू जर्सी

वन्संचा बॉस्टनहून फोन. थँक्सगिव्हिंगला सगळे येताहेत: वन्सं, त्यांचे यजमान, दोन्ही भाचरं आणि सासूबाई. मंगळवारी रात्री पोचणार, शनिवारी निघणार. चार सकाळी, घरात आठ माणसं. गुरुवारच्या मोठ्या जेवणाची मला चिंता नाही, ते सगळे मिळून करतो. चिंता सकाळची. कुणी सहाला उठणार, कुणी दहाला.

रत्नागिरीला आमच्याकडे मे महिन्यात घर भरलेलं असे. आई सकाळी बिड्यावर घावन घालायला उभी राही ती दहापर्यंत. गप्पा माजघरात रंगलेल्या. "काय झालं गं हसायला?" असं ती आतून विचारायची. कुणीतरी उठून सांगायचं, पण तोवर ते हसणं सरलेलं असायचं.

सासूबाई चार वर्षांनी येताहेत. मला सकाळी त्यांच्याजवळ बसायचं आहे. तेव्हा ठरवलं, इथल्या बायका सणाच्या पाहुण्यांसाठी करतात तसे क्विक ब्रेड आधीच भाजून फ्रीझरमध्ये टाकायचे. केळ्याचा, भोपळ्याचा, क्रॅनबेरीचा.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सासूबाई अंडं खात नाहीत. म्हणून केळ्याच्या ब्रेडमध्ये अंड्याऐवजी जवस. एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन चमचे पाणी. दहा मिनिटांत ते मिश्रण अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत होतं आणि पीठ धरून ठेवतं.

पहिला लोफ बिघडला. वरून छान दिसत होता, कापल्यावर आत उभी भोकं, बोटभर लांब. खाताना चिवट. चूक माझ्या हाताची होती. इडलीचं पीठ, भज्याचं पीठ, सगळं फेटून हलकं करायची सवय. पण मैदा ओला करून घोटला की त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, त्याची जाळी घट्ट होते, आणि सोड्याचा वायू वाट काढत वर जाताना अशी बिळं पाडतो. इथे पीठ फेटायचंच नाही. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा, गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज पुन्हा. दोन कप मैदा, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, पाऊण कप साखर. दुसऱ्या भांड्यात तीन काळी पडलेली केळी कुस्करून, अर्धा कप तेल, पाव कप दही, दोन अंड्यांच्या हिशेबाने भिजवलेलं जवस. लाकडी चमच्याने मोजून बारा-पंधरा वेळा खालून वर केलं आणि लगेच टिनमध्ये ओतलं. लगेचच, कारण दही-केळ्यातलं आम्ल सोड्याला भेटलं की वायू तिथेच सुटू लागतो. पीठ ठेवून दिलं तर तो भांड्यातच संपतो. यीस्टसारखी तासन्‌तास वाट पाहायची नाही, म्हणून तर हा क्विक.

३५० फॅरनहाइटवर बासष्ट मिनिटं. पंचेचाळीसाव्या मिनिटाला काचेतून पाहिलं. वरची साय धरल्यासारखी पापडी मधोमध उकलली होती आणि त्या भेगेतून आतलं ओलं पीठ श्वास घेतल्यासारखं हळूच वर येत होतं. सगळं पीठ एकदम फुगत नाही. कडा आधी भाजून घट्ट होतात, मधला भाग उशिरा उठतो आणि वरचं कवच फोडतो. म्हणून ही भेग हवीच.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पाऊस! आख्खा ऑक्टोबर कोरडा गेला, जंगलांत वणवे पेटले, आणि आज खिडकीवर खरा पाऊस. ओव्हनमध्ये भोपळ्याचे दोन लोफ. पंधरा औंसांच्या एका डब्यात बरोबर दोन होतात. दालचिनी आणि जायफळ घातलं, तर घरभर घारग्यांचा वास. आजी प्रवासाला घारगेच द्यायची, दोन-तीन दिवस टिकतात म्हणून.

रविवार, २४ नोव्हेंबर

क्रॅनबेरी आणि संत्र्याचा ब्रेड. ही फळं आमच्या न्यू जर्सीच्याच पाइन बॅरन्समध्ये होतात. लेकीला एक मधोमध कापून दाखवली. आत चार पोकळ कप्पे, नुसत्या हवेचे. म्हणून शेतात पाणी सोडलं की फळं तरंगून वर येतात आणि गोळा करता येतात. सगळी अर्धी-अर्धी कापली. अख्खी टाकली तर तोंडात एकदम आंबट फुटतात, सासूबाईंना ते नको.

आता बांधाबांध. भाजल्यावर दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर, पूर्ण गार होईपर्यंत. कोमट असताना गुंडाळलं तर आतली वाफ पाणी होऊन बसते आणि वरची पापडी चिकट होते. गार झाल्यावर प्लास्टिकचा एक घट्ट थर, त्यावर फॉइल. भोपळ्याच्या एका लोफचे काप करून मध्ये कागद घातले, लागतील तेवढेच सुटे काढता येतील.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

रात्री साडेनऊला पोचले. सासूबाईंची एकादशी, कार्तिक वद्य, आळंदीची. त्यांच्यासाठी भगर आणि दाण्याची आमटी करून ठेवली होती. वाटेत हार्टफर्डजवळ फार गर्दी लागली म्हणे. हार्टफर्ड म्हटल्यावर मला आठवलं, १७९६ साली अमेलिया सिमन्सचं 'अमेरिकन कुकरी' तिथेच छापलं गेलं. त्यात यीस्टऐवजी पर्लॅश वापरून पीठ फुगवायच्या कृती आहेत. पर्लॅश म्हणजे लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पापडखारासारखंच की." तसंच.

झोपण्याआधी केळ्याचा लोफ फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवला. गुंडाळलेलाच. उघडून ठेवला तर बाहेरची ओल ब्रेडवरच धरते. बांधलेला असला की ती वेष्टनावर राहते.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सहाला उठले तर सासूबाई आधीच टेबलाशी. दोघींचा चहा केला, वेष्टन सोडलं, जाड काप कापले, तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी शेकले. एवढंच काम. मग मीही बसले.

त्यांनी काप चहात बुडवला नाही. मोडून पाहिला, मधले तपकिरी ठिपके नखाने टोकरले. "जवस टाकलं का गं यात?" हो म्हटलं. मग यवतमाळचं बोलत राहिल्या. जवसाचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत गळतं. त्यांच्या आईकडे जवसाची चटणी खलबत्त्यात कुटायची पाळी त्यांची असे, आणि भाऊ कच्चं जवस चोरून खायचा. लग्नाला अठरा वर्षं झाली, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. एकेक जण उठून येत गेला, आपापला काप शेकून घेत गेला. मी उठले नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

न्यूयॉर्कची परेड टीव्हीवर, तिकडे धो धो पाऊस. भाचरांनी भोपळ्याचे आठ काप संपवले. क्रॅनबेरीचा ब्रेड वन्संना फार आवडला. मला तो किंचित कोरडा वाटला. पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी काढायचा.

शनिवार, ३० नोव्हेंबर

निघाले. भोपळ्याचे उरलेले सहा काप फ्रीझरमधून काढून कागदासकट डब्यात दिले. हार्टफर्डला चहाला थांबतील तोवर सुटतील. सासूबाईंनी डबा मांडीवर घेतला, आणि जवसाच्या पुडीचं प्रमाण एका चिठ्ठीवर माझ्याकडून लिहून घेतलं.