नवा संगणक, जुने खेळ

घरात नवा संगणक आला की पहिले दोन दिवस कौतुकात जातात आणि तिसऱ्या दिवसापासून कुरबुर सुरू होते. आमच्याकडे कुरबुर होती ती खेळांची. हसू नका हं! लेक नोकरीसाठी नागपूरला असते. रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही मायलेकी ‘स्टारड्यू व्हॅली’तल्या आमच्या शेतावर भेटतो. फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढं गाडी सरकत नाही, पण फ्लॉवर लावता लावता साहेबांचं, खोलीच्या भाड्याचं, सगळं ती आपणहून बोलते. ते शेत बुडालं असतं तर मला फार लागलं असतं.

खेळ येतात ‘स्टीम’ नावाच्या दुकानातून. हे २००३ साली सुरू झालं, मॅकवर २०१० साली आलं. नव्या मॅकचा प्रोसेसर मात्र २०२० पासून बदलला. आधी इंटेलचा होता, आता अॅपलचा स्वतःचा. दोघांची भाषाच वेगळी. म्हणजे कानडी घरातली मुलगी मराठी सासरी यावी तसं. मधे दुभाषा हवाच. त्या दुभाष्याचं नाव रोझेटा. इजिप्तमध्ये १७९९ साली सापडलेल्या, एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेल्या शिळेवरून ते ठेवलंय.

हा दुभाषा बरंचसं भाषांतर आधीच करून ठेवतो, आपण भाजणी दळून ठेवतो तसं. त्यामुळं बरेच जुने खेळ नव्या मॅकवर झकास चालतात. गंमत अशी की रेंगाळायचं ते स्टीमचं दुकानच! त्याची पानं इंटरनेटच्या पानांसारखी ऐनवेळी तयार होतात, म्हणजे पंगत बसल्यावर फुलके लाटण्यासारखं. तिथं दुभाष्याची दमछाक व्हायची. २०२५ च्या जूनमध्ये स्टीमची खास या प्रोसेसरसाठीची चाचणी आवृत्ती आली, तेव्हा हे दुखणं सरलं. आपलं स्टीम जुन्या भाषेतलं की नव्या, हे पाहायचं असेल तर ‘अॅक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडा. नावापुढच्या ‘काइंड’च्या रकान्यात इंटेल किंवा अॅपल असं लिहिलेलं असतं.

पण दुकान सुधारलं म्हणून दुकानातला माल सुधारत नाही. संगणकाच्या दुकानदारानं ‘सगळं चालतं, काकू’ म्हणून सांगितलं होतं. (दुकानदारांचं सगळं नेहमीच चालतं.) ३२ बिटांचे जुने खेळ मॅकवर २०१९ च्या ‘कॅटलिना’पासूनच बंद झालेत, त्यात नव्या प्रोसेसरचा काही दोष नाही. आणि ते जिथं चालत होते त्या ‘मोहावे’ला स्टीमनं फेब्रुवारी २०२४ पासून आधार देणं थांबवलं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. पैसे मोजून घेतलेला खेळ यादीत नुसता दिसत राहतो, दागिना लॉकरमध्ये आणि किल्ली हरवलेली!

रोझेटाही कायमचा नाही बरं. आवृत्ती २७ पर्यंत तो पूर्ण राहील, २८ पासून फक्त काही जुन्या, कुणी हात न लावलेल्या खेळांपुरता, असं कंपनीनं २०२५ मध्येच जाहीर केलंय. तेव्हा नवा खेळ घेताना तो अॅपलच्या प्रोसेसरसाठी बनवलाय का, हे आधी पाहावं. ‘बाल्डर्स गेट ३’ तसा आहे.

आणखी एक. जुनं यंत्र विकण्याआधी खेळाची जतन केलेली फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. काही खेळ ती स्टीमच्या ढगात ठेवतात, काही नाही. मी शेताची फाइल आधी नव्या संगणकावर घातली, शेत उघडून कोंबड्या मोजल्या, लेकीला आत बोलावलं, आणि मगच जुन्या लॅपटॉपचं गिऱ्हाईक पाहायला ह्यांना सांगितलं.

ह्यांनी अजून पाहिलेलं नाही.