चोर्ला घाटापलीकडची मुरलेली फेणी

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरला की केरीपासून गोव्याचा सत्तरी तालुका लागतो. एप्रिलच्या सुट्टीत तिथे गेलात, तर पिकल्या काजूबोंडांचा आंबूस-गोड वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो. आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा या वासाच्या मागे जाता जाता एका भट्टीवर पोहोचलो.

भट्टीवाले आजोबा बोलके. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पिकून पडलेलाच वेचायचा. बी वेगळी काढायची, बोंडू तुडवून रस काढायचा आणि काही दिवस आंबू द्यायचा. भट्टीवर पहिल्यांदा निघतो तो हुर्राक. तो सौम्य, हंगामातच संपवायचा. पुन्हा भट्टी लावली की फेणी, जवळपास ४३ टक्के मद्यार्काची. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आजोबांनी आतून काचेची मोठी बाटली आणली. नातू जन्मला त्या वर्षीची. नातू आता बारावीला! गाडी मेहुणा चालवणार होता, म्हणून मी घोटभर घेतली. रंग पाण्यासारखा स्वच्छ. नवी फेणी नाकात झोंबते, ही झोंबली नाही. आधी बोंडू, मग गूळ आणि शेवटी चक्क निपाणीची वखार आठवली. वडील कधी प्यायले नाहीत, पण तळहातावर तंबाखूचे पान चुरून, वास घेऊन ते माल मुरला की नाही ते सांगत.

मी मुलीला म्हटले, ‘‘हा काजू ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथे आणला. आपला तंबाखूही त्यांच्याच जहाजांतून आला.’’

‘‘मग काजू गोव्याचा नाहीच?’’ तिने विचारले.

आजोबा हसले. ‘‘चारशे वर्षं इथलंच पाणी पितोय बाय, आणखी कुठला असणार?’’

परत येताना बाटली आणली नाही. राज्याची हद्द ओलांडायला परवाना लागतो. आजोबांचे वाक्य मात्र बरोबर आले. माझी आई गोकाकची, तिच्याशी आम्ही कन्नड बोलतो. वडिलांकडची सारी मराठी. शाळेच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’ म्हणून एकच नाव लिहिताना दरवर्षी मला आईची चोरी केल्यासारखे वाटे.

यंदा जूनमध्ये फॉर्म मुलीनेच भरला. रकाना एकाच भाषेपुरता होता. तिने अक्षर बारीक काढून दोन्ही बसवल्या.