चंदेरी डबीतला भूप

मुलांनो, मुंबईला गेलं की राणीची बाग, गेटवे आणि म्हातारीचा बूट पाहून आपण परत फिरतो. आज मी तुम्हांला नेणार आहे ग्रँट रोड स्टेशनच्या आसपास. पाहण्यासारखं म्हणाल तर इथे फारसं काही नाही. ऐकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे!

स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं आणि नाना चौकातून पुढे चालत राहायचं. ताडदेव येतं. इथल्या फिल्म सेंटर नावाच्या इमारतीत पूर्वी हिंदी चित्रपटांची गाणी ध्वनिमुद्रित होत. राहुलदेव बर्मन यांची कितीतरी गाणी इथलीच. त्या काळी मोठ्या गाण्याला पन्नास-पन्नास, कधी शंभर वादक एकत्र बसत. व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच रांगा! त्यांत गोव्याची मंडळी खूप, कारण तिथे चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत. सगळे एकदम वाजवत, आणि एकाचा सूर चुकला की गाणं पुन्हा पहिल्यापासून.

गाणं गाजलं की गायक, संगीतकार, नट यांची नावं घरोघर होत. वादकांची नावं बहुधा तबकडीवरही नसत. अशांपैकी एक होते चरणजीत सिंग. जन्म १९४० चा. गिटार वाजवायचे, बास गिटार वाजवायचे. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा मोठमोठ्या संगीतकारांकडे त्यांनी साथ केली. विजेवर चालणारं नवं वाद्य दिसलं की स्वारी त्याच्या मागे लागायची. अशाच नादात सिंगापूरहून त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रं आणली.

ही यंत्रं कशी होती ते समजून घ्यायला आपण स्टेशनच्या पूर्वेला जाऊ. इथे लॅमिंग्टन रोड आहे. खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते सांगितलंत तर टॅक्सीवालाही क्षणभर विचारात पडतो. हा विजेच्या सुट्या भागांचा बाजार. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, रंगीत वायरींची भेंडोळी, भाजी मांडावी तसं सगळं मांडलेलं. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन गेलो होतो, तर त्याने मूठभर रेझिस्टर उचलले आणि विचारलं, "मामा, यातून गाणं कसं निघतं रे?"

निघतं बरं का. विजेचा दाब सेकंदाला शेकडो वेळा वरखाली केला आणि तो स्पीकरला दिला, की स्पीकरचा पडदा तितक्याच वेळा थरथरतो. झाला सूर! जलद थरथर म्हणजे वरचा सूर, सावकाश म्हणजे खालचा.

चरणजीत सिंगांकडे तीन यंत्रं होती. पहिलं टीआर-८०८, तालाचं. याच्या खालच्या कडेला एका रांगेत सोळा बटणं. तांबडी, नारिंगी, पिवळी, पांढरी, चार-चारचा गट. जे बटण दाबाल त्या मात्रेवर ठोका पडतो. आपला तीनतालही सोळा मात्रांचाच, म्हणजे मोजायला आपल्याला शिकवायला नकोच! यातली झांज चुरचुरते, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. कंपनीने त्यासाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर शोधून वापरले होते. दुसरं ज्युपिटर-८, पाच सप्तकांची मोठी पेटी. हिला भाता नाही आणि आठ सूर एकदम वाजतात.

तिसरं यंत्र माझं लाडकं. टीबी-३०३. चंदेरी रंगाची, दप्तरात सहज मावेल एवढी डबी. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बास गिटारची साथ मिळावी म्हणून ती १९८१ साली बाजारात आली. म्हणजे बास वाजवणारा माणूस नसला तरी चालावं, ही त्यामागची कल्पना. आणि मुंबईत ती विकत कोणी घेतली? बास गिटार वाजवणाऱ्यानेच!

तिच्यात दोन गमती आहेत. एक करून पाहा. एकच सूर धरा आणि 'ऊ' म्हणत म्हणत तोंड उघडत 'आ' वर या. सूर तोच राहिला, पण त्याचा रंग बदलला ना? डबीवरचं एक बटण फिरवलं की नेमकं हेच होतं. दुसरी गंमत म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायची सोय. आपण तिला मींड म्हणतो. जपानी कारागिरांनी ती बासच्या साथीसाठी ठेवली होती. चरणजीत सिंगांनी त्या घसरणाऱ्या सुरांवर राग वाजवले!

ते दिवस डिस्कोचे होते. चित्रपटात जिकडेतिकडे तोच ठेका. मग त्या ठेक्यावर काहीतरी वेगळं का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. तबला बाजूला ठेवला आणि डिस्कोच्या तालावर भूप, ललित, यमन, मालकंस, मेघमल्हार असे दहा राग वाजवले. भूपात सूर पाचच, सा रे ग प ध. पण यंत्राच्या धावत्या ठेक्यावर ते असे काही पळतात, की आपला सकाळचा रियाझ सायकलवर बसून उतारावरून निघाला आहे असं वाटावं. १९८२ साली ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्रवाल्या एचएमव्हीने, ही तबकडी काढली. पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याची चाल सोडून स्वतःच्या डोक्यातलं काही जगापुढे ठेवलं असेल, असं मला वाटतं. आणि ती खपलीच नाही. राग ऐकणाऱ्यांना त्यात राग वाटला नसावा आणि नाचणाऱ्यांना गाणं. चरणजीत सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

डबीचं नशीबही तसंच. १९८४ मध्ये कंपनीने ती बनवणं बंद केलं. जुन्या बाजारात स्वस्तात पडलेली अशी एक डबी अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या तरुणांना मिळाली आणि १९८७ साली त्यांची तबकडी निघाली. 'ॲसिड हाउस' नावाचं नाचाचं संगीत त्यातून जगभर पसरलं. चरणजीत सिंगांनी तसाच नाद पाच वर्षं आधी मुंबईत काढून ठेवला होता. कोणी कोणाचं ऐकून केलं नव्हतं.

इकडे ताडदेवला काय झालं, तेही सांगायला हवं. विजेची वाद्यं स्वस्त झाली, एका माणसाच्या हाताखाली वीस वाद्यांचे आवाज आले, आणि व्हायोलिनच्या त्या रांगा विरत गेल्या. अनेक वादकांची कामं गेली. यंत्राचं कौतुक करताना मला ते हसतखेळत सांगता येत नाही.

आता लॅमिंग्टन रोड ओलांडून पूर्वेकडे चालत राहिलात, की चोरबाजारची मटण स्ट्रीट लागते. घाबरू नका, तिथे मटण नाही. कर्णे, घड्याळं, दिवे, चित्रपटांची जुनी पोस्टरं आणि जुन्या तबकड्यांच्या थप्प्या आहेत. मी दुकानदाराला हीच तबकडी विचारली. तो हसला आणि म्हणाला, "मास्टर, ती आता परदेशी लोक शोधत येतात."

खरंच होतं ते. २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही तबकडी सापडली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि सत्तरी गाठलेले चरणजीत सिंग एकाएकी युरोपातल्या रंगमंचांवर हे राग वाजवू लागले. समोर विशीतली पोरं नाचत असायची. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

मटण स्ट्रीटला जायचं तर शुक्रवार सोडून जा. त्या दिवशी तिथली बरीच दुकानं बंद असतात. आणि थप्पीतली तबकडी उपसताना कडेने धरा, नाहीतर दुकानदार ओरडतो.