रिकाम्या गाडीची कमान

भरल्या गाडीच्या कमानीचे पाटे कुणीही बांधतो. एक पाटा वाढवला, यू-बोल्ट करकचून आवळले, की दहा टन ऊस बसतो. कसब लागतं ते रिकाम्या गाडीला. आणि आमच्या भागातली रिकामी गाडी खरी रिकामी कधी नसतेच. निलंगा-औसा पट्ट्यातले ट्रॉलीमालक कारखान्याशी वाहतुकीचा करार करतात आणि दसरा झाला की जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधारकडून ऊसतोडीच्या टोळ्या भरून आणतात. ट्रॉलीत ज्वारीची पोती, सरपण, कोप्यांचे बांबू, पत्रे, शेळ्या, कोंबड्या आणि त्यावर माणसं. म्हाताऱ्या, अंगावर पिणारी लेकरं, दिवस भरत आलेल्या पोरी. ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे, हे मालकाला ठाऊक आहे, मुकादमाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तरी सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर सीमेपलीकडं कर्नाटकात बिऱ्हाड जातं ते याच ट्रॉलीतून, रात्रभर. माणसं आणि त्यांचा संसार मिळून फार तर टनभर वजन. पाट्याच्या हिशेबी ती गाडी रिकामीच.

या एका गोष्टीशी झगडण्यात माझा बहुतेक धंदा गेला. बाकीची कामं पोट भरण्यासाठी केली.

धंद्यातल्या माणसांसाठी थोडे आकडे मांडतो, कारण आपल्यात कमानीविषयी आकड्यांत कुणी बोलत नाही. कमान मऊ की कडक, हे ती वजनाखाली किती बसते यावरून ठरतं. पंचवीस सेंटीमीटर बसली तर गाडी सेकंदाला एकदा वरखाली होते, सव्वासहा बसली तर दोनदा, एकच सेंटीमीटर बसली तर पाच वेळा. आता उसाची ट्रॉली धरा. ती स्वतः दोन टन, वर ऊस दहा टन. भरल्यावर पाटे सहा सेंटीमीटर बसावेत असे बांधले, तर रिकामी उभी असताना ते एकच सेंटीमीटर बसलेले असतात. माणसं चढली की दीड. म्हणजे सेकंदाला चार हादरे. आणि बसलेल्या माणसाचं धड सगळ्यांत जास्त थरथरतं ते नेमकं सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांत. हे जगभरच्या वाहन तज्ज्ञांनी मोजून ठेवलेलं आहे. त्यात आमचा रस्ता काळ्या मातीवरचा. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. ट्रॅक्टर तासाला वीस किलोमीटरनं चालला तर सेकंदाला साडेपाच मीटर जातो. दीड मीटरवर एकेक उंचवटा आला तर सेकंदाला पावणेचार धक्के. रस्त्याचा ठेका आणि पाट्याचा ठेका जुळतो, आणि त्या दोन्हींच्या मधे माणसाचा मणका सापडतो.

ऊस मात्र आरामात जातो. बारा टनांखाली सहा सेंटीमीटर बसलेली कमान सेकंदाला जेमतेम दोनदा झुलते. कारखान्याच्या काट्यावर उभी असलेली ट्रॉली पाहिली की हे दर वेळी मनात येतं.

मी उदगीरला ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, "भरी गाडी सब अच्छी चलती, खाली चलाके देख." तेव्हा ते बोलणं मी पाट्यांचा आवाज ओळखण्यापुरतं घेतलं. रिकाम्या गाडीत सैल बुश, झिजलेली शॅकल, तुटका पाटा लगेच कानाला कळतो, एवढाच अर्थ. खरा अर्थ ३० सप्टेंबर १९९३ ला कळला. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि उजाडल्यापासून जे वाहन हाताशी होतं त्यातून जखमी माणसं निघाली. ट्रॉल्यांतूनही निघाली. गवत टाकलं, गाद्या टाकल्या, तरी हाड मोडलेल्या माणसाला ती ट्रॉली सोसत नव्हती. पाटे माझ्या ओळखीचे होते. पुढं कित्येक आठवडे पत्रे, सिमेंट, धान्य घेऊन ट्रक येत राहिले, त्यांचे तुटलेले पाटे बदलताना दिवस-रात्र कळली नाही. पण डोक्यात बसलं ते पहिल्या दिवसाचं कण्हणं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: पाटे कमी करा. केले की शेतातून निघतानाच ट्रॉली एका अंगाला कलते, आणि मालक संध्याकाळी परत येऊन पाटा वाढवून नेतो. दुसरा उपाय पातळ पाट्यांचा. पाटा दुप्पट जाड केला तर आठपट कडक होतो, तेव्हा निम्म्या जाडीचे पाटे घालून मऊपणा आणता येतो. पण पातळ पाटे एकावर एक जास्त रचले की ते एकमेकांना धरून बसतात. कोणताही जुना सेट सोडवून बघा. प्रत्येक पाट्याच्या टोकाजवळ नखाएवढा भाग आरशासारखा चकचकीत झिजलेला असतो आणि त्याच्या मागं गेरूसारखी लाल बारीक पूड. चकचकीत जागेत पाटा सरकतो, बाकी सगळीकडं चिकटलेला असतो. मोठा खड्डा आला तरच हा चिकटा सुटतो. बारीक हादऱ्याला पाटे हलतच नाहीत, तो हादरा सरळ फळीपर्यंत येतो. भरल्या गाडीला ही घासण उपकारक, कारण झुलणारी गाडी तीच आवरते. रिकाम्या गाडीला तिच्यामुळं कमान असून नसल्यासारखी होते.

म्हणून मी पाटे थोडे ठेवतो, टोकं निमुळती करतो आणि टोकांखाली नायलॉनच्या चकत्या बसवतो. घासण गेली की गाडी झुलत राहते, तेव्हा शॉकअप लागतोच. आमच्याकडं ट्रॉलीला शॉकअप म्हटलं की मालक हसतात. भंगारातल्या पिकअपचे निघाले तरी चालतात, फक्त ते तिरपे न बसवता शक्य तितके उभे बसवावे लागतात. आणि वजनाला हेल्पर पाटा वेगळा, म्हणजे मऊ पाट्यांनी माणसं न्यायची, हेल्परनं ऊस.

इथं माझी खरी अडचण सुरू होते. हेल्परची टोकं आणि चेसीवरचे टेकू यांच्यामधे फट सोडावी लागते. गाडी हलकी असताना हेल्पर टेकता कामा नये, ऊस पडला की टेकलाच पाहिजे. ही फट किती? बोटभर ठेवली तर रस्त्याच्या पहिल्याच खोल खड्ड्यात चाक वर येतं, हेल्पर टेकतो आणि वरच्या माणसांना घणाचा घाव बसल्यागत लागतं. तीन बोटं ठेवली तर ऊस भरताना अर्ध्या वजनापर्यंत गाडी मऊ पाट्यांवरच तरंगते. रानात एक चाक सरीत, एक बांधावर असलं की ती कलते, आणि मेन पाटा त्याच्या ताकदीबाहेर वाकतो. मी लाकडाचे टेकू करून पाहिले, ट्रकच्या टायरचं रबर कापून लावलं, दोन हेल्पर वेगवेगळ्या उंचीला बांधले. रबर उसाच्या वजनाखाली एका हंगामात चिरडतं. दोन हेल्परांनी एका मोठ्या धक्क्याचे दोन मध्यम धक्के केले. टोळीतली एक बाई चैत्रात परत जाताना दुकानासमोर उतरून मला म्हणाली, "हादरे कमी झालेत मामा, पर मदीच ठक्क करतंय. लेकराचा डोळा लागला की नेमकं तवाच." तिनं ज्याला ठक्क म्हटलं ती माझी फट होती. मालक, ड्रायव्हर, मुकादम, कुणीही ती इतकी अचूक ओळखली नव्हती.

आता डोळ्याविषयी. गेल्या वर्षी लातूरला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यापुढं पिवळा पडदा येतो आणि माणसाला ते कळत नाही. पडदा निघाल्यावर पांढऱ्या धोतराला निळसर झाक असते हे नव्यानं दिसलं. घरच्यांना आनंद झाला. मी भट्टीसमोर उभा राहिलो आणि माझे सगळे रंग गेलेले होते. पाटा पाण्याला, खरं तर तेलाला, कधी द्यायचा हे मी आयुष्यभर लालीवरून ठरवत आलो. सिलिकॉन-मँगेनीजच्या पोलादाला साडेआठशे-नऊशे अंशांच्या दरम्यान तापवून बुडवावं लागतं, आणि ती लाली मला झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती. आता पाटा वेळेआधीच तापल्यासारखा उजळ दिसायला लागला. माझा भाचा आयटीआय करून दुकानात आला आहे. त्यानं बंदुकीसारखं तापमापक पाट्यावर रोखलं आणि म्हणाला, "मामा, अजून ऐंशी अंश बाकी हाय." मी चुंबक लावून पाहिलं. चुंबक नुकतंच सुटलं होतं, म्हणजे पोलाद पावणेआठशेच्या जरासं वर. पोरगा बरोबर होता.

जाड पाट्याला हे चाललं असतं. जाड पाटा थोडाच वाकतो, कच्चं पाणी पोटात घालतो. पातळ आणि थोडे पाटे प्रत्येक खड्ड्याला आपल्या मर्यादेजवळ जाऊन येतात, त्यांच्यात खोट खपत नाही. म्हणजे माझ्या मऊ गाडीचा सगळा भार माझ्या डोळ्यावर होता. तो डोळा दुरुस्त झाला आणि माझ्या उपयोगाचा राहिला नाही. तेल दिल्यानंतर पाटा परत तापवून त्याचा ताठा उतरवायचा असतो, तिथं उजेड दिसण्याइतका तो तापतच नाही. तिथं मी अजून बाभळीची काडी घासतो. काडी नुसती धुपली तर थांबायचं, ठिणगी पडली की काढायचा. ती रीत हाताची आणि नाकाची आहे, ती शाबूत आहे. भट्टीपुढं आता आकडा भाचा सांगतो आणि सांडशी मी धरतो. हे सोपं गेलेलं नाही.

नाही जाणार, कारण डोळ्याचा मला गर्व होता. दुसऱ्या दुकानांतले मिस्त्री येऊन माझ्या ट्रॉलीखाली वाकून पाहतात, ते मला आवडतं. मी प्रत्येक मेन पाट्यावर खूण ठोकतो, तीही टोकाशी, जिथं ताण जवळजवळ नसतो. मध्यावर ठोकली तर तिथूनच तडा जाईल. ड्रायव्हरनं केलेल्या स्तुतीनं मला फार वाटत नाही, तो ट्रॅक्टरवर बसलेला असतो. ट्रॉलीतल्या माणसानं केली तर दोन दिवस मी घरात सगळ्यांना ऐकवतो.

आणि म्हणून बाजारात जे चाललं आहे ते पाहून जीव जळतो. पाटा तुटला की वेल्डिंग. कमानीच्या पोलादाला वेल्डिंग केलं की सांध्याशेजारी ते काचेसारखं ठिसूळ होतं, आणि पुढचा तडा तिथूनच जातो. हे माहीत असलेला माणूसही वेल्डिंग मारतो, कारण गिऱ्हाईक घाईत असतं. उतरलेली कमान भट्टीत न घालता थंडच ठोकून चढवतात. ती गोलाई पंधरवड्यात उतरते. मधल्या बोल्टाच्या भोकातून पाटा तुटला तर पोलाद वाईट म्हणतात, खरं तर यू-बोल्ट सैल असतो. आणि सगळ्यांवर एकच औषध: एक पाटा वाढवा. रेडिमेड सेट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. नव्या ट्रकांना येणारे पॅराबोलिक पाटे, मधे जाड आणि टोकांना पातळ होत गेलेले, दोन-तीन पाट्यांत काम करतात आणि एकमेकांना फक्त टोकांशी टेकतात. मी जे टोकं निमुळती करून जुळवतो ते त्यांनी रोलिंग मशीनवर पुरं केलं आहे. माझ्या भट्टीत ते होणार नाही. पण ते ट्रकच्या वजनाला केलेले असतात. माणसांनी भरलेल्या उसाच्या ट्रॉलीसाठी पाटा कुणी आखलेलाच नाही, कारण कागदावर तसं वाहनच नाही.

लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे, तिथं लागावं अशी भाच्याची इच्छा आहे. त्यानं मला वंदे भारतच्या डब्याखालची हवेची कमान समजावून सांगितली. रबरी पिशवीत हवा असते. डब्यात माणसं वाढली की झडप आपोआप हवा वाढवते, उतरली की सोडते. वजन कितीही असो, डबा त्याच उंचीला राहतो आणि झोका जवळजवळ तोच. ऐकून मी बराच वेळ बोललो नाही. माझी फट ज्याच्यासाठी आहे ते काम ती पिशवी करते. आमच्या मालकाला ती परवडणार नाही, रानातल्या चिखलात आणि उसाच्या पाचटात टिकणार नाही, हे सगळं खरं. पण ती युक्ती कुणाला तरी सुचली आणि मला सुचली नाही, याचा हेवा वाटला तो अजून गेलेला नाही.

त्या हेव्यातूनच एक गोष्ट हाती आली. पिशवी अचानक कधी टेकत नाही, तिचा आधार वाढत जातो. मग माझ्या हेल्परनंच एकदम का टेकावं? टेकू सपाट असतो म्हणून. आता मी टेकू गोलाईचे करतो. हेल्परचं टोक आधी टेकूच्या बाहेरच्या कडेला हलकेच लागतं, आणि वजन वाढेल तशी टेकण्याची जागा आत सरकते. पाट्याची कामाची लांबी कमी होत जाते, तसा तो कडक होत जातो. लांबीचा हिशेबही जाडीसारखाच घनाचा आहे, म्हणून थोड्या सरकण्यानं मोठा फरक पडतो. गेल्या हंगामात अशी एक ट्रॉली गेली. ठक्क गेलं, त्याच्या जागी दाबल्यासारखं काहीतरी होतं असं सांगत आले. टेकूची बाहेरची कड लवकर झिजली, तिथं कडक पट्टी लावावी लागेल. गोलाई किती हवी तेही अजून पक्कं झालेलं नाही. लहान झाली की सपाट टेकूसारखंच वागते. यंदा त्यावरच आहे.

भाचा म्हणतो, माप पक्कं झालं की वहीत उतरवून सगळ्या दुकानांना देऊ, टोळ्या काही एकट्या निलंग्यातूनच पाटे बांधून जात नाहीत. त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. अंबाजोगाई, परळी, गंगाखेड, कुठल्याही रस्त्यानं जाणाऱ्या लेकराला तोच हादरा आहे. तरी माझं मन होत नाही. हे माप आधी माझ्या खुणेनं ओळखलं जावं, माझ्या ट्रॉलीखाली वाकून कुणी तरी विचारावं की हे कसं केलंत, असं मला फार वाटतं. अजून कुणी विचारलेलं नाही.