आमची वसरी

मनुष्याला आपल्या रसिकतेचा अभिमान कधी चढेल, याचा नेम नसतो. मला तो २०१६ सालच्या मे महिन्यात चढला. पावसाळ्यापूर्वी छपरावरची फुटकी मंगळुरी कौले बदलायची होती आणि त्यासाठी वसरीतले सारे सामान बाहेर काढावे लागले होते. काम संपल्यावर झाडून पुसून लख्ख केलेल्या त्या रिकाम्या खोलीत मी उभा राहिलो आणि मनाशी म्हणालो, 'अरे, आपली वसरी इतकी मोठी आणि इतकी प्रसन्न आहे, हे आपल्याला ठाऊकच नव्हते!' मग बाहेर काढलेली ती अडगळ पुन्हा आत न्यायचीच कशाला?

वसरी हा आमच्या गोव्याकडचा शब्द. देशावरचे वाचक तिला ओसरी म्हणतील, शहरातले दिवाणखाना म्हणतील. आल्यागेल्याने टेकावे, दुपारी घरच्यांनी लवंडावे आणि चवथीला गणपतीने विराजमान व्हावे, अशी ही एकच जागा. आमच्या वसरीच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आहेत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो, आणि त्या उजेडात कित्येक वर्षे नाना तऱ्हेच्या वस्तू एकमेकींना खेटून नांदत होत्या.

भिंतीवर रविवर्म्यांची सरस्वती होती. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर जाऊन पोहोचली. त्यांतलेच हे एक. चित्राखाली आजोबांची लांब हातांची वेताची आरामखुर्ची असे. तिला आमच्याकडे 'व्होल्तेर' म्हणतात. शेजारी व्हॉल्व्हचा मुका झालेला रेडिओ, त्यावर आत्याने विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालावर चिनी मातीची निळी-पांढरी, काठाला टवका उडालेली बशी आणि बशीत सावंतवाडीची लाकडी फळे! दाराच्या वरच्या बाजूला मण्यांचे तोरण होते. त्यावर समोरासमोर बसलेले दोन हिरवे राघू होते. पलीकडे टोल्यांचे घड्याळ होते. ते स्वतःच्या मर्जीने चाले आणि स्वतःच्या मर्जीने थांबे.

कलाशाखेची पदवी घेताना सौंदर्यशास्त्राची चार पुस्तके मी चाळली होती. एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेला हा संसार मला गावच्या जत्रेतल्या दुकानासारखा वाटे. तेव्हा मी ठरवले की वसरीत यापुढे एकच रंग आणि एकच घाट असावा. जुन्या वस्तू विकत घेणारे एक गृहस्थ गावात येत असत, त्यांना बोलावले. त्यांनी सारे उलटसुलट करून पाहिले आणि तोरण व घड्याळ एवढेच घेतले. मोबदल्यात मिळालेली रक्कम सांगण्यासारखी नव्हती. उरलेले सामान मी माळ्यावर चढवले आणि तालुक्याच्या गावाहून राखी रंगाचा कोचांचा एक संच आणून मांडला. आई काही बोलली नाही. "धूळ तरी कमी होईल," एवढेच ती म्हणाली.

राहिली आजी. तिचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. दोन वर्षांपासून तिची स्मृती विझत चालली होती. सकाळी कोण भेटायला आले, हे तिला दुपारी आठवत नसे. नव्या वसरीत तिला मी हात धरून आणले आणि कोचावर बसवले. तिने चारी भिंतींकडे नजर फिरवली, लुगड्याचा पदर सावरला आणि परक्या घरी बसतात तशी ती अंग चोरून बसली. थोड्या वेळाने हळूच मला म्हणाली, "आमगेर केन्ना वतलीं?" आपण आपल्या घरी कधी जायचे?

ज्या घरात ती १९५५ साली नवरी होऊन आली, त्याच घरात बसून ती मला हा प्रश्न विचारीत होती. पहिल्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवशी समजूत घातली. परंतु पुढे रोज दिवेलागणीला तोच प्रश्न येऊ लागला, तेव्हा माझे हसणे आटले. मग ती वसरीत यायचीच थांबली. स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ बसून राहू लागली, कारण ती चूल तेवढी मी बदलली नव्हती.

अशात चवथ आली. गणपतीच्या माथ्यावर माटोळी बांधण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. लाकडी पट्ट्यांची चौकट आढ्याला टांगायची आणि रानातली, परसातली फळेफुले दोऱ्यांनी तिला बांधायची. त्या दिवशी नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तोरिंग, आंबाडे, चिबूड, लालभडक कवंडळे अशी एकेक वस्तू मी बांधीत होतो. जड फळे चौकटीच्या जोडाशी, हलकी कडेला, आणि दोहोंच्या मध्ये वारा खेळेल इतकी मोकळी जागा, हे आजोबांनी वडिलांना आणि वडिलांनी मला शिकवलेले. बांधता बांधता माझा हात थबकला. यांतल्या कोणत्या फळाचा रंग दुसऱ्याशी जुळत होता? कोणाचा घाट सारखा होता? तरीही माटोळी विजोड दिसते, असे आजवर मला कधी वाटले नव्हते. सर्वांना धरणारी चौकट एक होती, म्हणून ती शोभत होती.

मग आमच्या वसरीची चौकट कोणती होती? ती मी पाहिलीच नव्हती, कारण ती आजीच्या बोलण्यात होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या कितीतरी मराठी शाळा देवळांच्या अग्रशाळांत आणि घरांच्या वसऱ्यांत भरत. आजोबाही आमच्या वसरीत मुलांना शिकवीत आणि मुले धडा सुरू करण्याआधी त्याच सरस्वतीला नमस्कार करीत. शेजारचे एक ख्रिस्ती गृहस्थ बोटीवर नोकरीला होते. एका नाताळात त्यांच्या घरून त्या निळ्या बशीतून दोदोल आले आणि 'बशी परत पाठवू नका' असा निरोपही आला. तेव्हापासून चवथीच्या नेवऱ्या आमच्या घरून आधी त्यांच्याकडे जाऊ लागल्या. लाकडी फळे आत्याने सासरहून पहिल्या माहेरपणाला आणलेली. तोरण आजीने लग्नाआधी, दिव्याच्या उजेडात एकेक मणी ओवून केलेले. या हकिकती मी लहानपणी शंभरदा ऐकल्या होत्या, पण त्या वस्तूंच्या आहेत असे मानीत होतो. त्या माणसांच्या होत्या. नावे विसरणारी माझी आजी त्या वस्तूंवर नजर ठेवून आपल्या आयुष्यात चालत होती. मी तिच्या वाटेवरच्या खुणाच पुसून टाकल्या होत्या.

विसर्जनानंतर मी माळ्यावर चढलो. व्होल्तेरचे वेत नव्याने विणून घेतले. सरस्वतीची काच पुसली. या खेपेला मात्र सामान कोंबले नाही. माटोळीचा धडा गिरवला. जड वस्तू भिंतीशी, उंच मागे, बसक्या पुढे, आणि मध्ये डोळ्यांना विसाव्यापुरती मोकळी जागा. रेडिओच्या पेटीला वाळवी लागली होती, ती ठेवली नाही. सारेच जुने जपावे असे माझे म्हणणे नाही. एक कोचही राहिला. आता त्यावर आत्याचा रुमाल असतो आणि तोही घरचाच दिसतो.

आजीला पुन्हा वसरीत आणले. ती व्होल्तेरच्या हातावरून हात फिरवीत उभी राहिली आणि म्हणाली, "हांगा ते बसताले." येथे ते बसत असत. मग बशी, मग फळे, सारे तिने ओळीने सांगितले. शेवटी तिची नजर दाराच्या वर गेली. तेथे नुसता खिळा होता.

"राघू खंय गेले?" तिने विचारले.

मी त्या गृहस्थांकडे केव्हाच जाऊन आलो होतो. तोरण पुढे कोणाला विकले, हे त्यांना आठवत नव्हते. मी आजीला म्हणालो, "धुवायला दिले आहे." त्यानंतर ती जाईपर्यंत, म्हणजे २०१८ सालापर्यंत, तिने तो प्रश्न अनेकदा विचारला आणि दर वेळी मी तेच उत्तर दिले. वर्गात खरे बोलावे म्हणून सांगणाऱ्या शिक्षकाने आपल्या आजीला दिलेले हे उत्तर आज या अंकात मी प्रथमच कबूल करीत आहे.

तो खिळा मी काढलेला नाही आणि त्यावर दुसरे काही टांगलेलेही नाही. घरी येणारे विद्यार्थी विचारतात, "सर, येथे काय होते?" मग मी त्यांना दोन राघूंची गोष्ट सांगतो. मुलांनो, सुट्टीत तुमच्या घरी आवराआवर निघेल. एखादी वस्तू बाहेर टाकण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ क्षणभर बसा आणि विचारा, "हे कोणाचे?" ऐकून झाल्यावर काय टाकायचे आणि काय ठेवायचे, ते खुशाल ठरवा.